वादळाआधीचा सूर

आग्नेलकाकांचा पहिला फोन मी कापला. दुसराही कापला. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेमागे एक चिंचोळी खोली आहे, तिथे मी संगणकासमोर उभी होते, बसवतच नव्हतं. दोन दिवसांपूर्वी सूर्यावरून निघालेलं एक मोठं वादळ पृथ्वीच्या अलीकडे पंधरा लाख किलोमीटरवर असलेल्या यानापर्यंत नुकतंच पोचत होतं, आणि पडद्यावरची सौरवाऱ्याच्या वेगाची रेघ बघता बघता भिंतीसारखी उभी चढली होती. अशा वेळी मालवणहून फोन येणार हे ठरलेलं. मॅडमच्या, म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या गाइडच्या, स्वतःच्या फोनची बॅटरी कायम उतरलेली, त्यामुळे त्या धाकट्या भावाच्या, म्हणजे आग्नेलकाकांच्या फोनवरून बोलायच्या, आणि पहिलं वाक्यही ठरलेलं असायचं, "बघतंस मां गो?" मी मनात म्हटलं, बघतेय, दहा मिनिटं दम धरा, मीच करते. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा वैतागून उचलला आणि पलीकडून आवाज यायच्या आतच म्हणाले, "बघतंय ओ मॅडम, बघतंय!" पलीकडून आग्नेलकाका म्हणाले, "चेडवा... बाय गेली."

सकाळी उठून मॅडमनी चहा घेतला होता. अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या. "वाईच पडतंय" म्हणून आत गेल्या आणि उठल्याच नाहीत. मी यष्टीत बसले तेव्हा वादळ ऐन भरात होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी एवढं मोठं वादळ न बघता जाऊ दिलं. गगनबावड्याचा घाट उतरताना हात सारखा फोनकडे जात होता. काय आलं असेल, लाटा कशा उठल्या असतील, हे कुणाला विचारायचं ते मात्र कळत नव्हतं... ज्यांना विचारायचं त्यांच्याच मातीला मी निघाले होते.

डॉ. सेलिन फर्नांडिस हे नाव सर्वसाधारण वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. सर्जेकोटच्या अलीकडच्या त्यांच्या वाडीत त्या 'सेलिनबाय' होत्या, आणि वाडीची अशी ठाम समजूत होती की बाय हवामान खात्यातून निवृत्त होऊन आलेली आहे. होडी लोटायच्या आधी माणसं कुंपणापाशी थांबून विचारायची, "बाय, आज दर्या कसो आसतलो?" बाय तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "माजां वादळ वेगळां रे. तां पाण्याक लागणा नाय." यात खोटं काहीच नव्हतं. सूर्यापासून चहूकडे विद्युतभारित कणांचा एक झोत अखंड वाहत असतो, त्याला सौरवारा म्हणतात. तो इतका विरळ असतो की त्यातले कण एकमेकांवर सहसा आदळतसुद्धा नाहीत. तरी त्यांना एकमेकांची खबर असते, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमधून. इकडे काही हललं की तिकडे थरथर पोचते, लाटा उठतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की पदार्थाचा एक प्रचंड लोट या वाऱ्यात घुसतो आणि त्याच्या तोंडाशी या लाटांची नुसती झिम्मड उडते. यानावरच्या लांब तारा त्या लाटा टिपतात. त्यांतल्या बऱ्याच लाटांची कंपनं आपल्या कानाला ऐकू येतील अशाच पट्टीतली असतात, त्यामुळे त्या नोंदींचा सरळ आवाज करून ऐकता येतो. मॅडमनी आयुष्यातली तीस-बत्तीस वर्षं हे ऐकण्यात घालवली.

घाटावरच्या एका संशोधन संस्थेत मी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझं गाव कुडाळपासून आत, घरी भात आणि काजू. पहिल्या दिवशी मी शक्य तितक्या शुद्ध मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी पेरून, माझी ओळख करून दिली. त्या खोलीत येरझारा घालत ऐकत होत्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "खंयची गो तू?" मी गाव सांगितलं. "मगे असां तोंड वाकडां करून कित्याक बोलतंस?" तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. काम मराठीत किंवा इंग्रजीत, आणि राग, माया, जेवण हे सगळं मालवणीत. त्यांना एका जागी बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. चर्चासत्रातही त्या शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि वक्ता घसरला की पायाने हळूच जमिनीवर ठेका धरायच्या. तो ठेका ऐकून भले भले वक्ते चाचरायला लागत. विद्यार्थ्याला आलेख काढायला त्या महिनाभर देतच नसत. आधी हेडफोन कानाला. "ऐक," एवढंच. मी ऐकायचे. कढईत मोहरी तडतडावी तसे आवाज, लांब शिट्ट्या, कधी संध्याकाळी वडावर पाखरं उतरावीत तसा कलकलाट. हे सगळं जिथे आवाजच नाही अशा पोकळीतून आलेलं आहे, या विचाराने सुरुवातीला मला रात्रीचं जेवण जात नसे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला तो सूर सापडला. एका जुन्या परदेशी यानाच्या नोंदी होत्या, कुणालाही बघायला खुल्या. वादळाचा लोट यानावर येऊन आदळण्याच्या काही तास आधी एक बारीक, एकसुरी गुणगुण सुरू व्हायची, आणि वादळ ओसरल्यावर काही वेळाने बंद पडायची. सगळ्या वादळांत नव्हती; काहींत होती, काहींत नव्हती. पण जिथे होती तिथे वादळाच्या आधी हजर. मॅडमनी तिचं नाव ठेवलं 'आगाऊ'. "आज आगाऊ इलो काय गो?" असं त्या रोज विचारायच्या. ही जर खरोखर सौरवाऱ्यातली लाट असेल तर तिचा अर्थ फार मोठा होता. वादळाच्या तोंडाशी काहीतरी असं घडत होतं ज्याची चाहूल इतक्या लांब पुढे पोचत होती, आणि ते आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. आमचा लेख छापून आला. मॅडमना देशोदेशीची आमंत्रणं आली. काही वादळांत सूर का आहे आणि काहींत का नाही, याचं उत्तर मी शोधलं. वादळाच्या तोंडाचा कोन, चुंबकीय रेषांची दिशा असं सगळं जुळवून. माझ्या प्रबंधाचं सर्वांत मोठं प्रकरण तेच. त्यावर मला पदवी मिळाली, बक्षीस मिळालं आणि त्याच संस्थेत तात्पुरती नोकरीही मिळाली.

मॅडम निवृत्त होऊन मालवणला गेल्या त्या आईसाठी. आई अंथरुणाला खिळली होती आणि आग्नेलकाकांची बायको आधीच गेलेली. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. दीड वर्षाने आई वारली, पण मॅडम परत आल्या नाहीत. नोंदी संगणकावर कुठेही उतरवून घेता येतात, त्याला संस्था कशाला पाहिजे, असं म्हणायच्या. एका एप्रिलमध्ये मी गावी आले होते, तिथून त्यांच्याकडे राहायला गेले. दुपारी आम्ही तिघं ओटीवर जेवायला बसलो होतो. बांगड्याचं तिखलं, भात. आग्नेलकाकांचा जुना रेडिओ कोपऱ्यात चालू होता. काका होड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री. आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगणारा माणूस. मध्येच रेडिओच्या गाण्याखाली एक गुणगुण सुरू झाली, बारीक, एकसुरी. मी म्हटलं, रेडिओ बिघडला वाटतं. काकांनी मानही वर केली नाही. भात कालवत म्हणाले, "रेडियाक काय धाड भरली नाय. शेजाऱ्यान पंप चालू केल्यान. माडांक पाणी."

मॅडमचा घास हातातच राहिला. त्यांनी काकांना विचारलं, "आणि पंप बंद केलो की जाता?" काका म्हणाले, "जातलोच. पंपाचोच आवाज, रेडियाचो न्हय तो." एवढंच. मॅडम ताटावरून उठल्या, हात धुतला आणि कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पंप बंद होईपर्यंत, चांगला पाऊण तास, त्या उन्हात उभ्या होत्या. गुणगुण थांबली तेव्हा परत येऊन मला म्हणाल्या, आणि मराठीत म्हणाल्या, "आपला सूर कधी वरखाली का होत नाही, नंदिनी? वादळ जवळ येताना सौरवारा बदलतो, कण दाटतात, सगळं बदलतं. मग हा एकटा एकाच पट्टीत कसा?" मी काहीतरी उत्तर दिलं. माझ्या प्रबंधात त्याचंही उत्तर होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला यानाला पाठवलेल्या आज्ञांची नोंद हवी. कुठलं उपकरण कधी चालू, कधी बंद. तू संस्थेत आहेस, तू मागितलीस तर देतील."

मी परत जाऊन मागितली. तीन आठवड्यांत आली. ती फाइल उघडून मी दोन तास त्यापुढे बसले होते. गोष्ट इतकी साधी होती. सूर्यावर स्फोट दिसला की जमिनीवरच्या माणसांना कळतंच की एक-दोन दिवसांत वादळ यानापर्यंत पोचेल. यानावर कण मोजणारं एक नाजूक उपकरण होतं. वादळाने ते जळू नये म्हणून ही माणसं वादळ यायच्या काही तास आधी ते बंद करून ठेवत. बंद पडलेलं उपकरण त्या थंडीत गोठून जाऊ नये म्हणून त्याच्या शेजारचा एक छोटा हीटर आपोआप चालू होई. आणि आमचा आगाऊ सूर म्हणजे यानाच्या तारांनी टिपलेली त्या हीटरच्या विजेची गुणगुण होती. वादळाची चाहूल सौरवाऱ्याला लागलेली नव्हती, ती खाली जमिनीवर बसलेल्या माणसांना लागलेली होती. ज्या वादळांच्या वेळी त्यांनी उपकरण बंद केलं नाही, तिथे सूर नाही. माझं ते मोठं प्रकरण, तोंडाचा कोन, रेषांची दिशा, सगळं एका स्विचने पुसून टाकलं होतं.

त्याच सुमाराला संस्थेत कायमच्या जागेची जाहिरात निघाली होती. सात वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर काढलेल्या माणसाला 'कायम' या शब्दाची भूक कशी असते ते ज्याने काढलीत त्यालाच कळेल. बाबांनी गावात सांगूनही ठेवलं होतं. माझ्या अर्जावर पहिलं काम तेच, आगाऊ सुराचं. मॅडमचा आठवड्यातून दोनदा फोन यायचा. "इली काय गो नोंद?" मी म्हणायचे, "नाही हो मॅडम, ते लोक फार वेळ लावतात." पुढच्या आठवड्यात तेच. त्यांचा आवाज दर वेळी थोडा अधीर, दर वेळी जरा जास्त थकलेला. झोप नाही म्हणायच्या. चालत आचऱ्यापर्यंत जाऊन येते, तरी झोप नाही. "माका रवणा नाय गो," म्हणायच्या. मला चैन पडत नाही. मी फोन ठेवायचे आणि मुलाखतीची तयारी करायचे. त्या काळात मी नोंदी ऐकणं बंद केलं होतं. हेडफोन घातले की तो सूर यायचा आणि मी ते काढून ठेवायचे.

मुलाखत झाली. मला सूर लागला, चांगलं बोलले. समितीतल्या एकांनी बाहेर आल्यावर, पत्र निघायचंच बाकी आहे असं खासगीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी मालवणची गाडी पकडली. आता सांगून टाकू, आता काही बिघडत नाही, असा माझा हिशेब. मॅडम विहिरीपाशी होत्या. मी पिशवीतून कागद काढले आणि म्हणाले, "नोंद आली मॅडम." त्यांनी कागद हातात घेतले, पण उघडले नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे सव्वा महिन्यापूर्वीच आलीय. यान बांधणाऱ्यांतले एक म्हातारे इंजिनिअर अजून पत्रांना उत्तरं देतात. त्यांनीच सांगितलं, तुझ्या संस्थेलाही कधीच पाठवली म्हणून."

मी विचारलं, "मग तुम्ही मला का नाही बोललात?"

"तुझी वाट बघी होतंय," त्या म्हणाल्या. वाट बघत होते. मालवणीतच म्हणाल्या, पण त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. नुसती थकावट.

मग त्या सांगायला लागल्या की लेख मागे घ्यायचा, दुरुस्तीचा नवा लेख लिहायचा, सगळं स्वच्छ मांडायचं. पहिलं नाव त्यांचं, चूक त्यांची, कारण आधी तपासायला हवं होतं ते गाइडने. माझं नाव घालायचं की नाही ते मी ठरवावं. पण लेख छापायच्या आधी समितीला मी स्वतः कळवावं असं त्यांना वाटत होतं. "वाटत होतं" म्हणाल्या; हुकूम केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला काहीतरी मिळालं असतं. ते मिळालं नाही म्हणून मी जे हाताला लागलं ते फेकून मारलं. म्हटलं, "तुमचं झालं मॅडम. तुम्ही निवृत्त झालात, नाव झालं, घर आहे, माड आहेत. खरं बोलणं तुम्हाला परवडतं." मी पिशवी उचलून निघाले. फाटकापाशी आग्नेलकाका इंजिनाचा कसलासा भाग रॉकेलने धूत बसले होते. त्यांनी "जेवन ऱ्हवलां गो," म्हणून हाक मारली. मी वळून पाहिलं नाही.

एक महिना त्या थांबल्या. हे मला नंतर काकांकडून कळलं. लेख लिहून तयार होता, पाठवत नव्हत्या. पहाटेपासून वाडीत फिरायच्या, चर्चमध्ये जाऊन उभ्या राहायच्या, परत यायच्या. माझंही काही वेगळं नव्हतं. नेमणुकीचं पत्र आज येईल, उद्या येईल, आणि आलं की मी ते हातात कसं धरीन, हाच विचार. एका दुपारी बाबांचा फोन आला. यंदा काजू बरा आला, आणि तुझं पत्र आलं की देवाला नारळ ठेवायचाय म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. हीटर, सूर, प्लाझ्मा लाटा, त्यांना किती समजलं कोण जाणे. शेवटी त्यांनी विचारलं, "ती बाय तुझी चूक आपल्या माथ्यार घेता, आणि तू गप ऱ्हवलंस?" मी मॅडमना फोन केला. म्हटलं, "नाव घाला." त्यांनी "जेवलंस?" एवढंच विचारलं.

समितीला मी लिहून कळवलं. जागा मिळाली नाही. कुणी वाईट बोललं नाही, कौतुकही केलं नाही, फक्त पत्र निघालं नाही. नंतर दुसऱ्याच कुणाची नेमणूक झाली. परिषदांमध्ये लोक मॅडमच्या लेखाचा उल्लेख 'ती हीटरवाली भानगड' असा करून हसायचे. ज्या बाई भिंतीला टेकून उभ्या राहायच्या त्यांच्यावर हसायला लोकांना एवढं आवडेल हे मला आधी कळलं नव्हतं. मी कोल्हापूरला कॉलेजात शिकवायला लागले. आपण नाव घालायला सांगितलं याचा पहिली दोन वर्षं मला रोज पश्चात्ताप व्हायचा, आणि तसा होतो याची लाजही वाटायची. हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

पण मॅडमचा फोन सुटला नाही. सहाएक महिन्यांनी म्हणाल्या, हीटरचा सूर तर आता आपल्याला ओळखीचा झाला, नेमकी पट्टी माहीत आहे. मग तो नोंदींमधून काढून टाकला तर खाली काय उरतं ते कुणी पाहिलंय? मी म्हटलं, "मॅडम, पुरे आता." तरी दोन दिवसांनी मीच आकडेमोड करून तो सूर उपसून काढला आणि उरलेलं त्यांना पाठवलं. तेव्हापासून महिन्यातल्या दोन शनिवारी मी मालवणला जायला लागले. एकेका वादळाच्या नोंदी आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतल्या. वादळ येण्याच्या थोडंसं आधी, अगदी थोडं, त्या सुराच्या जागेखाली काहीतरी होतं. फार क्षीण. एका पट्टीत न राहणारं, कण दाटत जातील तसं चढत जाणारं. खऱ्या लाटेने वागावं तसं वागणारं. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं आपल्याच कानाची भूक आहे. एकदा मी उत्साहाने म्हटलं, "मॅडम, हा नक्की आहे!" त्या एकदम उसळल्या, "नक्की म्हणा नको! एकदा म्हटलां, पुरे झालां." मग खोलीभर फिरून येऊन, जरा ओशाळून, त्यांनी पुन्हा हेडफोन कानाला लावले.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. कुडाळच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, चालणं कमी करा म्हणाले. त्यांनी चालणं वाढवलं. मी रागावले की म्हणायच्या, "बसलंय तर थय काय चल्लां तां कळतलां काय माका?" थय म्हणजे पंधरा लाख किलोमीटरवर. आमची शेवटची भेट मी जायच्या गडबडीत झाली. यष्टी चुकेल म्हणून मी पायात चपला सरकवत होते आणि त्या पाठोपाठ फाटकापर्यंत येत एका वादळाबद्दल बोलत होत्या, त्यातला एक तुकडा पुन्हा ऐकायला हवा म्हणून. मी "हो हो" म्हणाले. कुठला तुकडा ते मी नीट ऐकलंच नाही. गेले काही आठवडे मी तो आठवायचा प्रयत्न करते आहे.

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, मी पुन्हा मालवणला गेले. मिस्सा झाल्यावर पाव आणि चहा घेऊन माणसं पांगली. फादरांनी मला दोन शब्द बोला म्हटलं होतं, मला जमलं नाही. आग्नेलकाकांनी मॅडमच्या खोलीची चावी दिली. त्या खोलीत खुर्ची नाही हे माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं. टेबलाच्या चारही पायांखाली काकांनी चिरे घालून ते उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत उंच करून दिलेलं. त्यापुढच्या कोब्यावर एक पट्टा गुळगुळीत झिजलेला, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. टेबलावर वही उघडी होती. त्यात वादळांची यादी. ऐकून झालेल्यांपुढे पेन्सिलची बारीक खूण, कुठे एक, कुठे चार, कुठे सहा. जितक्यांदा ऐकलं तितक्या खुणा. शेवटच्या नऊ वादळांपुढे एकही खूण नव्हती, त्या ओळी कोऱ्या. मी संगणक लावला, पहिल्या कोऱ्या ओळीतलं वादळ काढलं आणि ऐकायला उभी राहिले.

किती वेळ गेला ते कळलं नाही. काका दारात येऊन उभे होते. हातात कागद आणि पेन. मी हेडफोन काढले. ते जरा संकोचून म्हणाले, "कबरीच्या दगडार काय लिवचां तां उद्या सांगूक होयां. वाडीतले म्हणतत, बायन शोध लावलेलो तो लिवया. माका त्यातलां काय समाजणा नाय. तू सांग. ती लाट खरी आसा की नाय?"

एक काळ होता, मी या प्रश्नाचं उत्तर बेधडक दिलं असतं. नंतरचा एक काळ असा, की मी मान खाली घातली असती. टेबलाला हात टेकून मी म्हटलं, "माका म्हायत नाय, काका. अजून म्हायत नाय. नऊ वादळां ऐकाची रवलीत."

काकांनी कागदाकडे पाहिलं, मग वहीकडे. यादीतल्या कोऱ्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं. नखांत इंजिनाचं काळं तेल.

"बरां," ते म्हणाले. "मगे आता नाव तेवढां घालूया. दगड मोठोच सांगलंय. खाली जागा सोडूक सांगतंय."